पैसा कुणाचा, कायदा कुणासाठी?



या अंकाचा मुख्य विषय ‘कंपन्यांचा पैसा आणि राजकारण’ हा असावा असे ठरले, तेव्हा काही जणींनी शंका काढली. हा विषय अर्थतज्ज्ञांचा, फार तर पक्ष-कार्यकर्त्यांचा. स्त्रीप्रश्नावर काम करणाऱ्या आपण त्यात कशाला पडायचे? शंका रास्त आहे. आपल्या केंद्रात रोज येणाऱ्या बाईचे दुखणे वेगळे असते. नवरा मारतो, पोटगी मिळत नाही, रेशनकार्डावरून नाव कमी झाले, ठेकेदाराने दोन महिन्यांची मजुरी बुडवली. या बाईसमोर निवडणूक रोख्यांची चर्चा करणे म्हणजे भुकेल्याला पंचांग वाचून दाखवण्यासारखे वाटू शकते.

पण गेली दहा-बारा वर्षे समाजकार्याच्या क्षेत्रात काम करताना मला वारंवार असे दिसले, की यातला एकेक प्रश्न धरून आपण वर चढत गेलो की एका ठिकाणी येऊन थांबतो. तलाठी, तहसीलदार, कामगार अधिकारी इथपर्यंत आपले निवेदन पोहोचते. त्यापुढे ‘वरून आदेश नाहीत’ किंवा ‘वरून आदेश आहेत’ असे उत्तर मिळते. हे ‘वर’ म्हणजे नक्की कोण, आणि तिथे कुणाचे ऐकले जाते, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही. म्हणून हा अंक.

बचत गटापासून सुरुवात करू, कारण पैशाचा व्यवहार कसा असावा हे आपण तिथेच शिकलो आहोत. बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या बाईचे नाव आणि रक्कम सर्वांसमोर वाचली जाते. कुणी कर्ज घेतले, कशासाठी घेतले, किती फेडले, हे साऱ्या जणींना ठाऊक असते. अंगठा उठवणारी बाईसुद्धा वही पुढे ओढून ‘माझं कुठं लिहिलंय ते दाखव’ म्हणते. एखाद्या अध्यक्षबाईने ‘दोन लाख आले आहेत, पण कुणी दिले ते विचारू नका’ असे म्हटले, तर तो गट दुसऱ्या बैठकीपर्यंतही टिकणार नाही.

आता हाच नियम देशाला लावून पाहा. २०१७ च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोखे योजनेसाठी अनेक कायदे एकदम बदलण्यात आले. ते ‘धन विधेयक’ म्हणून आणले गेल्याने राज्यसभेला ते अडवता आले नाही. २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे आणि पसंतीच्या पक्षाला द्यायचे. पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवायचे. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळणार नाही. बँकेला मात्र ते माहीत, आणि बँक सरकारी मालकीची. म्हणजे ज्याच्यापासून लपवायला नको होते त्या मतदारापासून लपले, आणि विरोधकांना कोण पैसा देतो हे सत्ताधाऱ्यांना कळण्याची वाट मोकळी राहिली. रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच या योजनेवर हरकत घेतली होती. निवडणूक आयोगानेही कायदा मंत्रालयाला पत्र लिहून आक्षेप नोंदवले होते. दोन्हींकडे दुर्लक्ष झाले.

याच वेळी आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा कमी झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एखाद्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येत असे. ही मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली. नफा नसलेली, तोट्यात चाललेली कंपनीसुद्धा आता कितीही देणगी देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी देणगी का देईल, आणि कुणाच्या पैशाने देईल, याचे उत्तर आपल्या गटातली कोणतीही बाई चटकन देऊ शकेल.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे कळणे हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. नफ्याची मर्यादा उठवणारी दुरुस्तीही रद्द केली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उलटून जाईपर्यंत मुदत मागितली, ती न्यायालयाने नाकारली. मार्चमध्ये माहिती बाहेर आली. तीस टप्प्यांत मिळून सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते, आणि त्यातली बहुतांश रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांची होती. ‘सामान्य माणसालाही पक्षाला स्वच्छ मार्गाने देणगी देता यावी’ हा जो दावा होता, तो या एका आकड्याने निकालात निघाला.

एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळाची जी तपशीलवार माहिती जाहीर झाली, तिच्यात सर्वांत मोठी खरेदीदार होती एक लॉटरी कंपनी. फ्युचर गेमिंग या कंपनीने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते. तिच्या रोख्यांतला मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक यांच्याकडे गेला. त्या खालोखाल मेघा इंजिनिअरिंग ही पाटबंधारे-रस्त्यांची सरकारी कामे घेणारी कंपनी, ९६६ कोटी. पक्षांमध्ये सर्वाधिक, सहा हजार कोटींहून अधिक रक्कम भारतीय जनता पक्षाने वटवली. तृणमूल काँग्रेसने सुमारे १,६०० कोटी, तर काँग्रेसने सुमारे १,४०० कोटी. मी मुद्दाम सगळ्यांची नावे लिहिते आहे. या प्रश्नावर एका पक्षाकडे बोट दाखवून दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसणे आपल्याला परवडणारे नाही. ज्याच्या हाती जिथे सत्ता, तिथे त्याच्याकडे ओघ, हेच यातून दिसते.

लॉटरीचा पैसा कुठून येतो हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ‘आज लागेल, उद्या लागेल’ म्हणून नवऱ्याने मजुरीतले शंभर-दोनशे तिकिटांत घालवले आणि घरी चूल पेटली नाही, अशा कहाण्या आपल्या नोंदवहीत कितीतरी आहेत. थेंब-थेंब करून गरिबाच्या खिशातून गेलेला पैसा कोट्यवधींच्या रूपाने पक्षांच्या तिजोरीत जमा होतो. उद्या लॉटरीवर बंदी आणा म्हणून आपण मोर्चा घेऊन गेलो, तर आपले निवेदन कोण स्वीकारणार आहे?

इथे एक पथ्य पाळायला हवे. काही कंपन्यांनी ईडी किंवा आयकर खात्याची धाड पडल्यानंतर रोखे घेतले, काहींनी मोठे कंत्राट मिळण्याच्या आसपास घेतले, हे पत्रकारांनी तारखा जुळवून दाखवले. तारीख जुळणे हा संशय आहे, पुरावा नव्हे. स्वतंत्र चौकशी पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली, नेहमीच्या कायदेशीर मार्गाने जा म्हणून सांगितले. आपण ‘सगळे विकले गेले आहेत’ असे सरसकट म्हणतो तेव्हा आपलीच बाजू दुबळी करतो. नेमके विचारावे : कोणी, कोणाला, केव्हा, किती.

आणि हे ‘केव्हा’ फार महत्त्वाचे. चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया दारूबंदीच्या मागणीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणे देण्यात आली. त्या निर्णयामागे दारू कंपन्यांचा पैसा होता असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. माझे म्हणणे एवढेच, की २०२१ साली चंद्रपूरच्या एखाद्या बाईला ‘कुठल्या दारू कंपनीने कुठल्या पक्षाला रोख्यांतून किती दिले’ असे विचारायचे असते, तर त्याचे उत्तर मिळण्याची वाट कायद्यानेच बंद केलेली होती. निर्णय झाला तेव्हा माहिती नाही, आणि माहिती आली तेव्हा निर्णय जुना झालेला. या तीन वर्षांच्या अंतरात लोकशाहीचे जे नुकसान होते ते कुठल्याही निकालाने भरून निघत नाही.

हा रोग आजचा नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणगी देता यावी यासाठीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. तेव्हा न्या. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने परवानगी कायम ठेवली. पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीला गिळू शकतो, संसदेने लक्ष घालावे, असा स्पष्ट इशाराही निकालातच दिला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, काळ्या वाटेने येऊ लागला. १९८५ मध्ये ही बंदी उठली. नुसती बंदी घालून भागत नाही आणि नुसती मोकळीक देऊनही नाही, हे या पन्नास-साठ वर्षांत सिद्ध झाले आहे.

नव्वदच्या दशकात चळवळीत असलेल्या मैत्रिणींना एन्रॉन नक्की आठवत असेल. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. हे सारे मी पुढे समाजकार्याच्या अभ्यासक्रमात असताना वाचले. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीजप्रकल्प १९९२ च्या सामंजस्य कराराने आला. जागतिक बँकेने १९९३ मध्येच तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत तो अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प आणखी मोठा करून मान्य केला. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले होते, की भारतातल्या लोकांना ‘शिक्षित’ करण्याच्या आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीच्या कामावर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. कोण शिक्षित झाले हा प्रश्न पुढे अनेक वर्षे विचारला गेला.

त्या शिक्षणाचा वेल्दूरच्या कोळणींना मिळालेला धडा मात्र नोंदलेला आहे. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी गावात शिरून, दारे तोडून बायकांना फरफटत बाहेर काढले. पुरुष बरेचसे समुद्रावर होते. गरोदर स्त्रीलाही मार पडला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या १९९९ च्या अहवालात हे सविस्तर आहे, आणि तिथे तैनात राज्य पोलिसांचा खर्च कंपनी उचलत होती हेही आहे. पुढे वीज इतकी महाग पडली की वीज मंडळाने २००१ मध्ये ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. बोजा राहिला आपल्या राज्यावर, वळ राहिले वेल्दूरच्या बायकांच्या अंगावर. कंपनीचा पैसा सरकारच्या घरात शिरला की लाठी कुणाच्या पाठीवर उतरते, हे समजायला यापेक्षा वेगळे उदाहरण नको.

राजकारणातला पैसा बायकांना आणखी एका दाराने बाहेर ठेवतो. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख अशी खर्चमर्यादा २०२२ मध्ये ठरली. पक्षाच्या खर्चावर मात्र कायद्यात मर्यादाच ठेवलेली नाही. त्यामुळे तिकीट वाटताना पहिला प्रश्न ‘किती खर्च करू शकाल’ हाच असतो. स्वतःच्या नावावर सातबारा नसलेली, माहेरी-सासरी कुठेच मालमत्तेत वाटा न मिळालेली बाई याचे काय उत्तर देणार? २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. गावपातळीवरही हेच. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला त्या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द करावी लागली. जिथे पदाची बोली लागते तिथे पन्नास टक्के आरक्षण असूनही बोली कुणाच्या नवऱ्याची, दिराची किंवा सासऱ्याची असते ते आपण जाणतो. तेहतीस टक्क्यांचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे स्वागतच आहे. पण पैशाचे दार तसेच राहिले तर त्या जागांवर घराणी बसतील, आपल्या कार्यकर्त्या नव्हे.

आता आपल्याला सर्वांत जवळून लागणारी गोष्ट. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहाकडून देणग्या घेऊन परदेशी देणगी कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. मग काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून व्याख्याच बदलली, तीही मागील तारखेपासून, थेट १९७६ पर्यंत. पक्षांचा गुन्हा कागदावरून पुसला गेला. तोच कायदा २०२० मध्ये संस्थांसाठी आवळला गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, मोठ्या संस्थेने गावातल्या छोट्या गटाला निधी देणे बंद केले, खाते दिल्लीतल्या एका ठरावीक शाखेत उघडणे सक्तीचे केले. आपल्यापैकी किती समुपदेशन केंद्रे त्यानंतर बंद पडली, किती कार्यकर्त्यांचे मानधन थांबले, हे तुम्ही अनुभवले आहे. दीड हजार रुपयांच्या लाडकी बहीण योजनेसाठीही बाईला २०२५ मध्ये ई-केवायसीच्या रांगेत उभे राहावे लागले. हिशेब मागायला आमची ना नाही. पण दीड हजारवालीला ओळख पटवा, आणि कोटीवाल्याची ओळख झाका, हा कुठला न्याय?

परदेशी निधी आटला, सरकारी अनुदान वेळेवर येत नाही, म्हणून संस्था कंपन्यांच्या सीएसआरकडे वळल्या. २०१३ च्या कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे भाग आहे. स्त्री सक्षमीकरण हा त्यातला एक विषय. या पैशाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, आणि ते असायला हवेत. कायद्याने द्यावाच लागणारा पैसा आहे, तो का सोडायचा, असे काही मैत्रिणी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी एक अनुभव सांगते. आमच्या केंद्राला एका कंपनीने तीन वर्षांचा निधी देऊ केला होता. करारनाम्यात एक कलम होते, की कंपनीच्या किंवा तिच्या ठेकेदारांच्या कामकाजाविरुद्धच्या कोणत्याही ‘आंदोलनात्मक’ कृतीत संस्था सहभागी होणार नाही. त्याच कंपनीच्या ठेकेदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या स्त्रिया किमान वेतनाची तक्रार घेऊन आमच्याकडे येत होत्या. कलम काढा म्हटल्यावर निधीचे बोलणेच थांबले. आम्ही करार केला नाही. त्या वर्षी दोन कार्यकर्त्यांना अर्ध्या मानधनावर काम करावे लागले. ही किंमत लहान नाही, आणि ती प्रत्येक संस्थेला परवडेल असेही नाही. म्हणूनच हा निर्णय एकट्या-दुकट्या संस्थेवर सोडून चालणार नाही, एकत्रित धोरण लागेल.

मला यातून दिसते ते असे. कंपनी पक्षाला पैसा देते तेव्हा कायदा बनवणाऱ्याचे तोंड बंद होण्याची शक्यता असते. तीच कंपनी आपल्याला पैसा देते तेव्हा कायद्याची अंमलबजावणी मागणाऱ्याचे. दोन्ही टोके बांधली गेली तर मधल्या बाईसाठी बोलायला कोण उरते?

रोखे रद्द झाले म्हणून प्रश्न संपलेला नाही. इलेक्टोरल ट्रस्टच्या मार्गाने कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जातोच आहे. फरक एवढाच की तो निदान कागदावर दिसतो. वीस हजारांवरील देणग्यांचा अहवाल पक्षांना दरवर्षी निवडणूक आयोगाकडे द्यावा लागतो. तो आपण वाचायला शिकले पाहिजे. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला होता. पक्षांनी तो पाळला नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या बाबतीत मात्र एक झाले.

तेव्हा येत्या तीन महिन्यांसाठी काही सुचवते. आपापल्या जिल्ह्यात मोठी कामे करणाऱ्या कंपन्यांची यादी करा, आणि जाहीर झालेल्या रोख्यांच्या व ट्रस्टच्या याद्यांशी ती ताडून पाहा. गटाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा, जशी आपली वही वाचतो तशी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा : पक्ष माहिती अधिकाराखाली आणायला तुमचा पाठिंबा आहे का, आणि पक्षाच्या खर्चावर मर्यादा हवी की नको? उत्तर लिहून घ्या. आणि आपल्या प्रत्येक संस्थेने वार्षिक सभेत आपला निधी कुठून आला, किती आला आणि कोणत्या अटींवर आला, हे अटींच्या शब्दांसह वाचून दाखवावे. दुसऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला त्यातूनच मिळतो.

कोणत्या निधीला हो म्हणायचे, कोणत्या अटींना नाही, याचा एक समान मसुदा करावा असा मंडळाचा विचार आहे. तुमच्या संस्थेला आलेले अनुभव, करारातली खटकलेली कलमे आणि सीएसआरच्या बाजूने असलेले तुमचे युक्तिवादसुद्धा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते छापू, आणि त्यावर भांडू. भांडून ठरवलेले धोरणच टिकते, हे आपण इतक्या वर्षांत शिकलो आहोत.

— संपादक मंडळाच्या वतीने